तहात जिंकलेला मासेमार

'लढाईत जिंकलं आणि तहात हरलं' हे वाक्य मराठी घरात वाढलेल्या कुणाला वेगळं शिकवावं लागत नाही. बांधाच्या भांडणापासून ताश्कंद करारापर्यंत ते कुठेही चपखल बसतं. लढणाऱ्याचे आपण पोवाडे गातो. तह करून आलेल्याकडे मात्र जरा तिरक्या नजरेनेच बघतो, याने नक्की काय काय सोडून दिलं असेल म्हणून. शाळेत पुरंदरचा तह शिकवताना आमच्या बाई तेवीस किल्ल्यांचा आकडा भराभर सांगून आग्र्याच्या पेटाऱ्यांकडे वळायच्या, आणि आम्हा मुलांनाही तेच हवं असायचं.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात राहायला आल्यावर ज्यांच्यामुळे माझी ही समजूत मुळापासून हलली, त्यांचं नाव जोसेफ गॉस्नेल. निस्गा या आदिवासी राष्ट्राचे प्रमुख आणि धंद्याने मासेमार. त्यांचे लोक सर्वोच्च न्यायालयात खटला हरले होते. नंतर तेच लोक तब्बल चोवीस वर्षं वाटाघाटींत तग धरून राहिले आणि अख्ख्या देशाला आपलं सरकार, आपली जमीन आणि आपली नदी मान्य करायला लावून उठले. लढाईत हरलेले तहात जिंकले. हे नेमकं कसं घडलं, ते मला मराठीत सांगायचं आहे, कारण आपल्याकडे याबद्दल फारसं कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही.

निस्गांचा मुलूख प्रांताच्या पार वायव्येला, अलास्काच्या सीमेला खेटून, नास नदीच्या खोऱ्यात आहे. चार गावं, ओरका देवमासा, लांडगा, डोमकावळा आणि गरुड अशी चार कुळं. टेरेस नावाच्या छोट्या शहरातून गाडी काढली की तासाभरात झाडी अचानक संपते आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना थिजलेल्या लाव्हारसाचं पठार सुरू होतं. काळा खडक, त्यावर राखाडी-पांढऱ्या दगडफुलाचा थर, मैलोन् मैल. साधारण १७०० च्या सुमारास इथे ज्वालामुखी फुटला आणि सुमारे दोन हजार निस्गा त्यात गेले, असं त्यांच्या मौखिक परंपरेत आहे. कारणही सांगितलं जातं. काही मुलांनी गंमत म्हणून सामन (सॅल्मन) माशांच्या पाठीत पेटत्या काड्या खोचून त्यांना पाण्यात सोडलं होतं. ज्या नदीने पोसलं तिच्या जिवांची चेष्टा केली, म्हणून डोंगर पेटला. मी त्या पठारावर उभी असताना हवेत थंडी होती, तरी ती गोष्ट आठवून अंगावर काटा आला तो थंडीचा नव्हता. मासा हा त्यांच्यासाठी कायद्याचा विषय आहे, आणि तो कायदा कुठल्याही संसदेपेक्षा जुना आहे.

दुसरा मासा ऊलिकन. वीतभर लांबीचा, चंदेरी. हिवाळ्याच्या शेवटी, साठवणीचं अन्न संपत आलेलं असताना तो झुंडीने नासमध्ये शिरतो, म्हणून त्याला तारणहार मासा म्हणतात. तो इतका तेलकट असतो की वाळवून टोकाला पेटवला तर मेणबत्तीसारखा जळतो. गावकरी हे मासे खड्ड्यात किंवा पेट्यांमध्ये काही दिवस मुरू देतात, मग गरम पाण्यात टाकून मंद आचेवर वर येणारं तेल निगुतीने गाळून घेतात. पूर्वी या तेलाच्या पेट्या पाठीवर घेऊन माणसं डोंगर ओलांडून आतल्या मुलखात व्यापाराला जायची, आणि त्या वाटांना तेलवाटा असंच नाव पडलं. ज्यांच्या व्यापाराच्या वाटा, वारसाहक्काचे नियम, कोणत्या कुळाने कुठे मासे धरायचे याच्या हद्दी पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या, त्या लोकांना १८८७ साली काय ऐकावं लागलं, ते यानंतर वाचावं.

त्या वर्षी नासच्या काठचे प्रमुख होड्यांनी समुद्रमार्गे प्रांताची राजधानी व्हिक्टोरियाला गेले. मागणी साधी होती: आमच्याशी तह करा. इंग्लंडच्या राजाने १७६३ च्या जाहीरनाम्यात म्हटलंच होतं की आदिवासींनी स्वखुशीने दिल्याशिवाय त्यांची जमीन घेता येणार नाही. कॅनडाच्या इतर भागांत तसे तह झालेही होते, पण ब्रिटिश कोलंबियाने बहुतेक मुलूख एकही कागद न करता ताब्यात घेतला. प्रांताचे प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, विल्यम स्मिथ यांनी त्या प्रमुखांना सुनावलं की गोरे पहिल्यांदा आले तेव्हा तुम्ही रानातल्या जनावरांपेक्षा फारसे बरे नव्हता. मंडळी हात हलवत परत गेली.

पण गप्प बसली नाहीत. गावागावांतून माणसं निवडून त्यांनी जमीन समिती उभी केली, आणि १९१३ मध्ये थेट लंडनला, प्रिव्ही कौन्सिलकडे अर्ज धाडला. ताईमहाराज खटल्यामुळे टिळकचरित्र वाचणाऱ्यांना ही प्रिव्ही कौन्सिल ओळखीची आहे. साम्राज्यातला शेवटचा न्याय तिथे मिळायचा. टिळकांचा खटला तिथवर पोचला, निस्गांच्या अर्जाची सुनावणी कधी झालीच नाही. कॅनडा सरकारने तो वाटेतच अडवून ठेवला. पुढे १९२७ साली सरकारने इंडियन ॲक्टमध्ये, म्हणजे आदिवासींना लागू असलेल्या खास कायद्यात, असं कलम घातलं की जमिनीच्या दाव्यासाठी आदिवासींकडून परवानगीशिवाय पैसे गोळा करणं हा गुन्हा. म्हणजे वकील लावायची सोयच राहिली नाही. हे कलम १९५१ पर्यंत जिवंत होतं. मुलांना घरापासून तोडून निवासी शाळांत टाकायचं, त्यांची भाषा तोंडातून काढून घ्यायची, समारंभांवर बंदी घालायची आणि वर न्यायालयाची वाटही बुजवायची, हे सगळं एकाच वेळी चाललं होतं. मला हे वाचताना आजही संताप येतो आणि तो आवरावा असं वाटत नाही.

गॉस्नेल यांच्याकडे येण्याआधी फ्रँक काल्डर यांना भेटल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९१५ चा जन्म. एका प्रमुखाच्या घरात दत्तक गेलेला मुलगा. असं सांगतात की वडीलधाऱ्यांच्या एका सभेत या लहानग्याला टेबलावर उभं केलं गेलं आणि सांगितलं गेलं, हा मुलगा गोऱ्यांची विद्या शिकेल आणि न हलणारा डोंगर हलवेल. डोंगर म्हणजे जमिनीचा प्रश्न. मुलगा निवासी शाळेतून तावून सुलाखून निघाला, विद्यापीठात पोचला, आणि १९४९ मध्ये प्रांताच्या विधिमंडळावर निवडून आला. कॅनडातल्या कुठल्याही विधिमंडळात बसलेला कायद्याने 'इंडियन' म्हणून नोंदलेला हा पहिला माणूस. या तारखेपाशी मी भारतीय म्हणून थबकते. याच प्रांताने १९०७ मध्ये आपल्या देशातून आलेल्यांचाही मताधिकार काढून घेतला होता. तो आपल्याला १९४७ मध्ये परत मिळाला, आणि इथल्या मूळ रहिवाशांना त्यानंतर दोन वर्षांनी. ज्यांची ही माती, त्यांना रांगेत आपल्याही मागे उभं केलं होतं.

काल्डर यांनी १९५५ मध्ये निस्गा ट्रायबल कौन्सिल उभी केली आणि १९६७ मध्ये प्रांत सरकारवर दावा ठोकला. इतर अनेक आदिवासी नेत्यांना ही घाई वाटली. हरलो तर सगळ्यांचंच नुकसान, ही त्यांची भीती रास्त होती. वकील होते थॉमस बर्जर, वय पस्तिशीच्या आत. खालची दोन्ही न्यायालयं हरून प्रकरण ओटावाला सर्वोच्च न्यायालयात गेलं. ३१ जानेवारी १९७३ ला निकाल लागला. सातांपैकी सहा न्यायाधीश म्हणाले की गोरे येण्याआधी या लोकांचा जमिनीवर हक्क होता आणि कायद्याच्या दृष्टीने तो खरा हक्क आहे. तो आजही शिल्लक आहे का, यावर तिघे हो म्हणाले, तिघे नाही. सातव्या न्यायाधीशांनी मूळ प्रश्नाला हातच घातला नाही. सरकारवर दावा करायला आधी सरकारची परवानगी लागते, ती घेतली नव्हती, म्हणून दावा फेटाळावा, एवढंच त्यांचं म्हणणं. चार विरुद्ध तीन. निस्गा हरले.

आणि तरीही पंतप्रधान पिएर ट्रुडो यांना काही दिवसांतच कबूल करावं लागलं की तुमचे हक्क आम्हाला वाटले होते त्यापेक्षा जास्त असावेत. याच ट्रुडोंच्या सरकारने १९६९ मध्ये आदिवासींचा वेगळा दर्जाच मोडीत काढण्याचा प्रस्ताव आणला होता. निकालानंतर काही महिन्यांत केंद्र सरकारने जमिनीच्या दाव्यांवर वाटाघाटी करण्याचं धोरण जाहीर केलं. हरलेल्या खटल्याने दार किलकिलं केलं. दारातून आत जायचं काम मात्र दुसऱ्यांना करायचं होतं.

१९७६ मध्ये बोलणी सुरू झाली आणि तिथेच अडली. कॅनडाच्या प्रांतांमधल्या बहुतेक सरकारी जमिनीची मालकी केंद्राकडे नसते, प्रांताकडे असते. प्रांत म्हणत होता, आदिवासी हक्क वगैरे काही नाहीच, मग बोलायचं कशाबद्दल? निस्गा आणि केंद्र सरकार चौदा वर्षं एकमेकांशी बोलत राहिले आणि ज्याच्याकडे सातबारा तो खोलीतच नाही. १९९० मध्ये एकदाचा प्रांत चर्चेला आला. तोवर कितीतरी वडीलधारी माणसं गेली होती. जोसेफ यांचे थोरले भाऊ जेम्स गॉस्नेल हे कौन्सिलचे अध्यक्ष होते, मोठे वक्ते. ब्रिटिश कोलंबिया झाडून सगळा आमचाच आहे, असं त्यांनी १९८३ मध्ये देशाच्या नेत्यांसमोर ठणकावून सांगितलं होतं. १९८८ मध्ये तेही गेले.

जोसेफ यांचा पिंड वेगळा. १९३६ चा जन्म, तोही नासच्या मुखाशी माशांचे डबे भरणाऱ्या कारखान्याच्या वस्तीत. अलर्ट बेच्या निवासी शाळेत शिक्षण झालं, मग बोट आणि जाळं. कौन्सिलचे अध्यक्ष झाले १९९२ मध्ये. भावासारखा गडगडाट त्यांच्या बोलण्यात नव्हता. मला वाटतं, त्या घडीला याच माणसाची गरज होती. कारण आता 'सगळं आमचं' म्हणायची वेळ संपली होती. काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे आपल्याच लोकांच्या डोळ्यांत डोळे घालून सांगायची वेळ आली होती. ते करायला वक्तृत्वापेक्षा वेगळी हिंमत लागते.

वाटाघाटी म्हणजे हस्तांदोलनाचे फोटो नव्हेत. जंगलाचा कुठला पट्टा, नदीच्या कुठल्या वळणापर्यंत, रस्त्याखालची जमीन कुणाची, खनिजं कुणाची, शाळा कोण चालवणार, दत्तक मुलांबाबत कुणाचा कायदा चालणार, आपल्यात राहणाऱ्या बिगर-निस्गांना कुठे मत असणार. माशांचंच घ्या. नासमध्ये दर हंगामाला किती सामन येतात हे माहीत असल्याशिवाय वाटा ठरवणार कशाचा? म्हणून निस्गांनी नव्वदच्या दशकात नदीत मासेचक्रं लावली. प्रवाहाच्या जोरावर फिरणारं मोठं चाक, त्याला जाळीच्या टोपल्या. चाक फिरतं, टोपली मासा अलगद उचलते, तो पाण्याच्या टाकीत घसरतो. माणूस त्याची जात बघतो, लांबी मोजतो, खूण लावतो आणि जिवंत सोडून देतो. असे मासे मोजून मोजून त्यांनी स्वतःची आकडेवारी उभी केली. सरकारी तज्ज्ञांनी सांगावं आणि यांनी मान डोलवावी, हा प्रकारच संपवला. सगळ्या कहाणीत मला सर्वांत जास्त आवडलेली गोष्ट ही. ज्यांच्या पुराणकथेत माशाला छळलं म्हणून डोंगर फुटतो, त्यांनी एकेक मासा हातात घेऊन, न दुखवता, आपला हक्क मोजला.

आणि हे सगळं उसनवारीवर. वाटाघाटींचा खर्च भागवायला निस्गांना समोरच्याच पक्षाकडून, म्हणजे केंद्र सरकारकडून, कोट्यवधी डॉलरचं कर्ज घ्यावं लागलं होतं. आपलीच जमीन परत मागायला आपणच कर्जबाजारी व्हायचं! हे अन्याय्य होतं असं केंद्रालाही अखेर वाटलं. २०१९ च्या अर्थसंकल्पात अशी कर्जं माफ करण्याची तरतूद झाली. उशिरा का होईना.

१९९८ च्या ऑगस्टमध्ये मसुद्यावर आद्याक्षरं झाली. सुमारे दोन हजार चौरस किलोमीटर जमीन पूर्ण मालकीने. एकोणीस कोटी डॉलर रोख. नासच्या सामनमध्ये ठरलेला वाटा आणि सुमारे सोळा हजार चौरस किलोमीटरमध्ये वन्यजीवांच्या व्यवस्थापनात सहभाग. स्वतःचं सरकार. भाषा, संस्कृती, नागरिकत्व आणि आपल्या जमिनीचा कारभार यांबाबत कायदे करण्याचा अधिकार, ज्यात संघर्ष झाल्यास निस्गांचा कायदा वरचढ. इंडियन ॲक्टपासून जवळपास पूर्ण सुटका.

आता सोडलं काय ते पाहू. परंपरेने आपली म्हणून सांगितलेल्या मुलखाच्या नव्वद टक्क्यांहून जास्त भागावरची मालकी. इंडियन ॲक्टखाली असलेली करमाफी, विक्रीकराबाबत आठ वर्षांनी आणि प्राप्तिकराबाबत बारा वर्षांनी. आणि पुढे कधी याहून जास्त मागण्याचा मार्ग. हे तेवीस किल्ल्यांहून कमी नाही. निस्गांमध्येच या कराराला कडवा विरोध करणारे लोक होते. काही जण पुढे त्याविरुद्ध न्यायालयातही गेले. त्यांना मी चूक म्हणणार नाही. आजोबांनी दाखवलेल्या डोंगरावर नातवाने पाणी सोडायचं, हे कुणाला सहज पटेल? शेजारच्या गितान्याव लोकांची तक्रारही खरी होती. त्यांच्या मते करारात त्यांच्या मुलखावरही हक्क सांगितला गेला होता. नोव्हेंबर १९९८ मध्ये निस्गांनी मतदान केलं आणि पात्र मतदारांपैकी सुमारे ६१ टक्क्यांनी होकार दिला. एकमत नव्हतं, पण कौल पुरेसा स्पष्ट होता.

२ डिसेंबर १९९८. व्हिक्टोरियाचं तेच विधिमंडळ. गॉस्नेल सदस्य नसल्यामुळे सभागृहाच्या मर्यादेवरच्या दांडीपाशी उभे राहून बोलले. त्यांनी सुरुवात १८८७ पासून केली, आपल्या पूर्वजांची होडी इथून कशी परतवली गेली ते सांगितलं, आणि म्हणाले की तीच होडी आज बंदरात परत आली आहे. 'आम्ही आता आमच्याच भूमीवरचे भिकारी राहिलेलो नाही,' हे वाक्य त्या भाषणातलं. मी ते भाषण अनेकदा वाचलं आहे. त्यात विजयाचा उन्माद नाही आणि लाचारीचा लवलेशही नाही. आम्ही काय सोडलं हेही त्यांनी लपवलं नाही. ते नेहमी सांगत, आम्ही कॅनडातून फुटून निघण्यासाठी वाटाघाटी केल्या नाहीत, कॅनडात मानाने येण्यासाठी केल्या. ज्या देशाने त्यांना शंभर वर्षं दाराबाहेर ठेवलं, त्या देशाबद्दल हे म्हणायला मन किती मोठं लागत असेल!

पुढचे अडथळे थोडक्यात सांगते. संसदेत विरोधी बाकांवरच्या रिफॉर्म पक्षाने चारशे सत्तरच्या वर दुरुस्त्या मांडून खासदारांना चाळीस तासांहून अधिक वेळ सलग मतदान करायला लावलं, आणि त्या सगळ्या पडल्या. प्रांतातले विरोधी पक्षनेते गॉर्डन कॅम्पबेल करार घटनाबाह्य असल्याचं म्हणत न्यायालयात गेले आणि २००० मध्ये हरले. ११ मे २००० रोजी करार लागू झाला. नास खोऱ्यात जाणाऱ्या महामार्गाला ११३ हा क्रमांक दिला गेला, कारण १८८७ ते २००० या काळात तेवढी वर्षं लागली. काल्डर तेव्हा हयात होते. २००६ मध्ये ते वारले.

इथे आमच्या सार्वजनिक कार्यक्रमांची सुरुवात, अगदी गणेशोत्सवाचीसुद्धा, एका निवेदनाने होते: आपण क्वांटलेन, केट्झी, सेमियामू या लोकांच्या, त्यांनी कधीही न दिलेल्या भूमीवर जमलो आहोत. मग आरती सुरू होते. ते वाक्य मीही वाचून दाखवलं आहे. गॉस्नेल यांचं भाषण वाचल्यापासून त्याचा अर्थ मला टोचतो. कधीही न दिलेल्या म्हणजे इथे अजून तहच झालेला नाही. प्रांतात १९९३ पासून यासाठी स्वतंत्र यंत्रणा आहे. तिच्यातून पूर्ण होऊन लागू झालेले करार मात्र हाताच्या बोटांवर मोजावेत एवढेच. आपण मराठी मंडळी घरं घेतो, कर्जाचे हप्ते भरतो, मालकी हक्काच्या कागदावर आपलं नाव बघून सुखावतो, तेव्हा या अपूर्ण हिशेबात आपणही आलो. निदान ज्यांनी तो हिशेब मांडून दाखवला त्यांची नावं आपल्या मुलांना माहीत असावीत, असं मला मनापासून वाटतं.

करारानंतर गॉस्नेल यांना कंपॅनियन ऑफ द ऑर्डर ऑफ कॅनडा हा सर्वोच्च दर्जाचा सन्मान मिळाला. २०१९ मध्ये ते नॉर्दर्न ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचे कुलपती झाले आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये वारले. करारातच ठरल्याप्रमाणे संग्रहालयांतल्या शेकडो वस्तू नासला परतल्या आणि त्यांच्यासाठी निस्गांनी २०११ मध्ये स्वतःचं संग्रहालय उघडलं. २०२३ मध्ये तर एक स्मृतिस्तंभ थेट स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयातून घरी आला. १९२९ मध्ये लोक हंगामी कामाला बाहेरगावी असताना तो उचलून नेला गेला होता. तो परत मागायला गेलेल्यांना, आम्ही कोण आणि कुठल्या अधिकाराने बोलतो, हे पहिल्यापासून सिद्ध करत बसावं लागलं नाही.

सगळंच मला आवडतं असं नाही. निस्गा सरकार आता नैसर्गिक वायू द्रवरूप करून निर्यात करणाऱ्या एका प्रचंड तरंगत्या प्रकल्पात भागीदार आहे. २०२५ मध्ये त्याला प्रांताची आणि केंद्राची मंजुरी मिळाली. मला तो प्रकल्प नको वाटतो. तापणाऱ्या पृथ्वीची काळजी आहे, ऊलिकनची आणि सामनचीही. पण आदिवासींनी कायम निसर्गाचे राखणदार म्हणूनच जगावं आणि रोजगार, महसूल, धोका यांचा विचार आम्ही शहरात बसून करावा, ही अपेक्षाही स्मिथसाहेबांच्याच वळणाची आहे, हे मला स्वतःला बजावावं लागतं. हरकत घेण्याचा खरा अधिकार शेजारच्या आदिवासी राष्ट्रांचा, कारण तो समुद्र त्यांचाही आहे, आणि त्यांच्यापैकी काही जण हरकत घेतही आहेत. ज्यांना शंभर वर्षं कुणी ऐकून घेतलं नाही, ते निस्गा आता ऐकून घेण्याच्या जागी आहेत. ते शेजाऱ्यांशी कसं बोलतात, याकडे माझं लक्ष आहे.